सायनस: फुगा की दुर्बीण?

वाचकाचं पत्र

डॉक्टर, मी तासगाव तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. वय ४१. पाच वर्षांपासून सायनसचा त्रास आहे. नाक कायम चोंदलेलं, घट्ट पिवळट कफ सारखा घशात पडतो, गालांवर आणि डोळ्यांच्या मध्ये दडपण वाटतं. वर्गात दहा मिनिटं सलग बोलले की खाकरावं लागतं. अँटिबायोटिकचे किती कोर्स झाले याची गणतीच नाही. दोन वर्षं झाली, रात्री नाकात थेंब टाकल्याशिवाय झोप येत नाही. वास तर जवळजवळ गेलाच आहे. मागच्या महिन्यात गॅसचं बटण अर्धवट चालू राहिलं होतं, मुलगा शाळेतून आला म्हणून कळलं. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी डॉक्टरांनी आठवडाभर स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या होत्या. तेव्हा चार दिवस चकलीच्या भाजणीचा वास आला आणि मला रडूच कोसळलं. नंतर पुन्हा गेला. थंडीत थोडा दम लागतो. एकदा डोकेदुखीची गोळी घेतल्यावर जास्तच लागला होता, पण ते वेगळं.

सीटी स्कॅनमध्ये दोन्ही बाजूंना पॉलिप आणि सगळे सायनस भरलेले, असं आलंय. सांगलीतले डॉक्टर दुर्बिणीतून ऑपरेशन करा म्हणतात. भावाच्या ओळखीनं पुण्यात विचारलं, तर तिथे फुग्याचं ऑपरेशन सुचवलं; कापाकापी नाही, दोन दिवसांत कामावर. माझ्या मामांचं १९८८ साली ओठ उचलून ऑपरेशन झालं होतं. त्यांचा गाल अजून बधिर आहे आणि सायनस आहे तो आहेच. आमच्या गल्लीतल्या काकांचा २०२१ मध्ये काळ्या बुरशीत डोळा गेला. घरचे म्हणतात, नाकाच्या ऑपरेशनच्या फंदात पडू नकोस, परत होतंच. मी काय करू?

उत्तर

ताई, आधी त्या डोकेदुखीच्या गोळीबद्दल बोलू. ‘पण ते वेगळं’ म्हणून तुम्ही पुढे गेलात, मी मात्र तिथेच थांबले. दोन्ही नाकपुड्यांत पॉलिप (अस्तर सुजून लोंबणारे मऊ गोळे), गेलेला वास, थंडीतला दम आणि वेदनाशामक गोळीनंतर वाढलेला दम, या चार गोष्टी एकाच माणसात दिसल्या की आम्हा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांचे कान टवकारतात. नाकापासून फुप्फुसापर्यंतचं अस्तर एका घराण्यातलं आहे. काही जणांत ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्यांनी ते वरपासून खालपर्यंत भडकतं. तुम्हाला हेच आहे असं मी पत्रावरून ठरवत नाही, पण शंका घ्यावी इतकं त्यात नक्की आहे.

ती गोळी कोणती होती ते आठवा, नाहीतर मेडिकलवाल्याला विचारा. नाव सापडलं की कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा आणि प्रत्येक डॉक्टरला दाखवा, दाताच्या डॉक्टरलासुद्धा, कारण दाढ काढल्यावर बहुतेक वेळा याच जातीची गोळी लिहून दिली जाते. ‘बघू तरी परत दम लागतो का’ म्हणून ती घरी घेऊन बघू नका. असा दम जिवावर बेतू शकतो. छातीच्या डॉक्टरांकडे जाऊन जोरात फुंकायला लावतात ती स्पायरोमेट्रीची तपासणी करून घ्या. दमा असेल तर तो काबूत आल्याशिवाय भूलतज्ज्ञ भूल द्यायला तयार होणार नाहीत, आणि होऊही नयेत.

हे सगळ्यात आधी सांगितलं, कारण फुगा की दुर्बीण याचं उत्तरही इथूनच निघतं. तुमचा आजार नुसत्या बुजलेल्या वाटेचा नाही, अस्तराचा आहे.

सायनस म्हणजे चेहऱ्याच्या हाडांतल्या पोकळ्या. गालात एकेक, कपाळात एकेक, पार मागे कवटीच्या मध्याशी एकेक, आणि दोन डोळ्यांच्या मध्ये मोहोळासारखी बारीक घरांची रचना, तिला इथमॉइड म्हणतात. या पोकळ्या नाकात उघडतात त्या अगदी अरुंद तोंडांनी, काही मिलिमीटरच्या. आतल्या अस्तरावर डोळ्यांना न दिसणारे तंतू असतात. ते अहोरात्र हलत राहून कफाचा पातळ थर त्या तोंडाकडे सरकवत असतात. आता गालाच्या सायनसचं तोंड तळाशी असेल असं आपल्याला वाटतं. ते असतं वर. विहिरीतलं पाणी मोटेनं काठावर आणावं तसा तो कफ खालून वर चढवला जातो आणि मग नाकात ओतला जातो.

तुमच्या मामांचं ऑपरेशन कुठे फसलं ते यातूनच कळेल. ती पद्धत न्यू यॉर्कच्या कॉल्डवेल यांनी १८९३ मध्ये आणि पॅरिसच्या ल्यूक यांनी १८९७ मध्ये मांडलेली. वरचा ओठ उचलायचा, हिरडीच्या वर गालाच्या हाडाला खिडकी पाडायची, आतलं अस्तर खरवडून काढायचं आणि निचऱ्यासाठी नाकात खालच्या अंगाला भोक ठेवायचं. घाण आपोआप खालून वाहून जाईल, हा हिशेब. पुढे ऑस्ट्रियात ग्राझ इथे मेसरक्लिंगर यांनी कफाचा हा प्रवास बारकाईनं अभ्यासला आणि दाखवून दिलं की नवं भोक पाडलं तरी तंतू कफ मूळच्या तोंडाकडेच नेतात. वाटेतल्या भोकाला चक्क वळसा घालून! मूळ तोंड बुजलेलंच राहिलं तर खालचं भोक काय कामाचं? गालाला आणि वरच्या ओठाला जाणीव देणारी नस त्याच भागातून येते, ती दुखावली की बधिरपणा येतो. मी शिकत होते तेव्हा वॉर्डात असे रुग्ण होते. चूळ भरताना पाणी ओठावरून ओघळायचं आणि त्यांना पत्ता नसायचा. मामांच्या डॉक्टरांना दोष देऊ नका, त्या काळी बहुतेक ठिकाणी हेच हाताशी होतं. पण तुम्हाला जे सुचवलंय ते हे ऑपरेशन नाही.

दुर्बिणीचं ऑपरेशन मेसरक्लिंगर यांच्या त्या निरीक्षणावरच उभं आहे. ग्राझमधलेच श्टामबर्गर आणि अमेरिकेतले केनेडी यांनी ते जगभर नेलं. १९८५ मध्ये केनेडी यांनी त्याला ‘फंक्शनल एंडोस्कोपिक सायनस सर्जरी’ म्हटलं, तुमच्या कागदांवर त्याचंच ‘फेस’ असं संक्षिप्त नाव दिसेल. यात अस्तर खरवडायचं नसतं, होता होईल तेवढं वाचवायचं असतं. ४ मिलिमीटर जाडीची दुर्बीण नाकपुडीतून आत जाते, पडद्यावर बघत बघत पॉलिप काढले जातात, मधले पातळ पडदे दूर करून मूळची तोंडं रुंद केली जातात. चेहऱ्यावर चीर नाही, टाका नाही. म्हणजे पुण्यात तुम्हाला जे ‘कापाकापी नाही’ असं सांगितलं, ते बाहेरून पाहिलं तर दोन्हीला सारखंच लागू आहे.

फुग्याची कल्पना हृदयाच्या अँजिओप्लास्टीवरून आली. अमेरिकेत २००५ मध्ये त्या साधनाला परवानगी मिळाली. बारीक तारेवरून फुगा सायनसच्या तोंडात सरकवायचा, काही सेकंद फुगवायचा, तोंड रुंद झालं की काढून घ्यायचा. काहीही कापून काढलं जात नाही. कपाळाच्या किंवा गालाच्या सायनसचं तोंड अरुंद आहे, वारंवार संसर्ग होतो, पण पॉलिप नाहीत, अशा माणसाला हा चांगला पर्याय आहे. कधी कधी पूर्ण भूल न देताही होतो. अशा रुग्णांना मी तो आवर्जून सुचवते. पण इथमॉइडच्या मोहोळात फुगा कुठे घालणार? तिथे रुंद करावं असं एक तोंडच नाही. आणि फुगा पॉलिप बाजूला दाबेल, काढणार नाही. तुमच्या नाकात नेमकं तिथेच सगळं भरलंय. कणगीचं तोंड मोठं केलं आणि आतलं कुजलेलं धान्य तसंच ठेवलं, असं होईल.

पुण्यातल्या डॉक्टरांनी सीटीच्या फिल्म समोर ठेवून सांगितलं की ओळखीत फोनवर, हे पत्रातून कळत नाही. काही सर्जन दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्येच एखाद्या सायनसपुरता फुगा वापरतात, त्यांना कदाचित तसंही म्हणायचं असेल. तुम्ही त्यांना एवढंच विचारा: इथमॉइडमधले पॉलिप कशानं काढणार? त्याचं नीट उत्तर मिळालं नाही तर फुग्याच्या नादी लागू नका.

पुढच्या वेळी दाखवायला गेलात की दुर्बीण नाकात असताना पडदा तुमच्याकडे वळवायला सांगा. पॉलिप म्हणजे काय ते तासगावच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. सोललेलं द्राक्ष असतं ना, फिकट, ओलसर, आतून उजेड जाईल असं, तसेच ते देठावर लोंबत असतात. टोचलं तरी फारसं दुखत नाही. एकदा डोळ्यांनी पाहिलं की ‘सर्दी डोक्यात साचलीय’ हे जे तुम्ही पाच वर्षं ऐकताय ते मनातून जाईल.

आता डोळ्याच्या भीतीबद्दल. काकांचा डोळा नाकाच्या ऑपरेशननं गेला नाही, त्या बुरशीनं गेला. ती बुरशी रक्तवाहिन्यांत शिरून पेशी मारत जाते. कोविडच्या वेळी अनियंत्रित साखर आणि स्टेरॉइड यांच्या जोडीनं तिनं महाराष्ट्रात फार माणसं गाठली. तिथे सर्जन मेलेला भाग काढून जीव वाचवत होते. तुमचे पॉलिप हा त्यापासून पूर्ण निराळा आजार आहे. तरी भीती अगदीच निराधार आहे असंही मी म्हणणार नाही. इथमॉइड आणि डोळा यांच्यामधलं हाड कागदासारखं पातळ असतं, शरीरशास्त्रात त्याचं नावच कागदावरून पडलंय. वरच्या अंगाला मेंदूचा तळ असतो. डोळ्याला इजा, मेंदूभोवतालचं पाणी गळणं, मोठा रक्तस्राव असे गंभीर प्रकार साधारण शंभरात एकाहून कमी जणांच्या वाट्याला येतात. म्हणून सर्जनला संकोच न करता विचारायचं: अशी ऑपरेशनं तुम्ही नेहमी करता का, माझं तुम्ही स्वतः करणार का, ऑपरेशनच्या वेळी माझा सीटी समोर लावलेला असेल का? चांगल्या सर्जनला या प्रश्नांचा राग येत नाही.

पण तारीख ठरवण्याआधी एक गोष्ट मला खटकते. तुमच्या पत्रात अँटिबायोटिक आहे, थेंब आहेत, पण नाक धुणं आणि रोजचा स्टेरॉइडचा फवारा यांचा उल्लेखच नाही. तुमच्या आजारात ही दोनच खरी औषधं, आणि तीच राहून गेली असावीत असं मला वाटतं. ती निदान आठ आठवडे नेमानं करा आणि मग पुन्हा दुर्बिणीनं नाक पाहू द्या. खरं सांगायचं तर सगळे सायनस भरलेले असताना ऑपरेशन बहुधा लागेलच. तरी हे आठवडे फुकट जाणार नाहीत. सूज उतरलेल्या नाकात ऑपरेशनच्या वेळी रक्त कमी येतं, सर्जनला स्वच्छ दिसतं, आणि या सवयी तुम्हाला पुढेही लागणारच आहेत.

धुण्यासाठी पाव लिटर पाण्यात सपाट अर्धा चहाचा चमचा मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा. मीठ आयोडीन नसलेलं मिळालं तर बरं. औषधाच्या दुकानात तयार पुड्या आणि मऊ बाटली मिळते ती अधिक सोयीची, जलनेतीचं भांडं असेल तर तेही चालेल. मोरीवर वाकायचं, तोंड उघडं ठेवून तोंडानं श्वास घ्यायचा, एका नाकपुडीतून पाणी सोडायचं, दुसरीतून येऊ द्यायचं. दिवसातून दोनदा. पाणी मात्र खळखळून उकळल्यावर आणखी मिनिटभर उकळू द्या, मग कोमट करून वापरा. नळाचं, बोअरचं, फिल्टरचं पाणी तसंच नाकात कधीही घालू नका. २०११ मध्ये अमेरिकेत लुइझियानात नळाच्या पाण्यानं नाक धुणारी दोन माणसं मेंदूत अमिबा शिरून दगावली. तेच पाणी प्यायलं असतं तर काही झालं नसतं, नाकातून मात्र त्याला वर जायला वाट मिळते.

फवारा धुऊन झाल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी. मोमेटासोन किंवा फ्लुटिकासोन, डॉक्टर लिहून देतील ते. डाव्या नाकपुडीत उजव्या हातानं, उजवीत डाव्या हातानं मारायचा, म्हणजे टोक आपोआप कानाकडे वळतं. मधल्या पडद्यावर रोज फवारलं तर रक्त येतं आणि मग बायका तो दोष औषधावर ढकलून फवारा बंद करतात. जोरात ओढून घशात घेऊ नका. पंधरा दिवस काहीच फरक वाटणार नाही, तरी सोडू नका.

ते रात्रीचे थेंब मात्र सोडायचेत. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन असं बाटलीवर असेल. चार-पाच दिवसांपुरतं ठीक, पुढे तेच नाक चोंदवतात आणि आपण पुन्हा तेच टाकतो. एकदम दोन्ही बंद करवत नसतील तर आधी एकाच नाकपुडीत बंद करा, आठ-दहा दिवसांनी तिथून श्वास येऊ लागला की दुसरीत. वाफेनं बरं वाटतं, आजार हलत नाही. आणि घरात लहान मुलं असतील तर उकळत्या पातेल्यावर डोकं झाकून बसणं मला मुळीच पसंत नाही.

ऑपरेशनला पूर्ण भूल लागते, साधारण एक ते दोन-तीन तास, एखादी रात्र दवाखान्यात. दोन दिवसांत कामावर हे विसरा. शाळेची दहा दिवस तरी रजा टाका, खडूच्या धुळीत लगेच उभं राहू नका. नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून द्यायची, वाकून घागर उचलायची नाही. थोडं लालसर पाणी काही दिवस येतं. खपल्या धरतात, त्या डॉक्टर दुर्बिणीखाली आठवड्याभरानं आणि नंतर एक-दोनदा साफ करतात. या फेऱ्या ऑपरेशनइतक्याच महत्त्वाच्या आहेत, बरं वाटतंय म्हणून चुकवू नका. वेदनाशामक देताना त्या कागदावरच्या नावाची आठवण करून द्या. डोळा सुजला, दोन-दोन दिसायला लागलं, मान आखडून ताप आला किंवा एका नाकपुडीतून पाण्यासारखं स्वच्छ काही सतत ठिबकू लागलं तर सकाळची वाट न बघता फोन करायचा.

‘परत होतंच’ हे घरच्यांचं म्हणणं पुरतं खोटं नाही. पॉलिप पुन्हा येऊ शकतात, गोळीनं दम लागणाऱ्यांत तर जास्तच. पण तुमच्याकडे ऑक्टोबरची छाटणी झाली म्हणून कुणी बाग वाऱ्यावर सोडून घरी बसतं का? आजवर औषध भरलेल्या पोकळ्यांच्या दारातूनच परत फिरत होतं. ऑपरेशननंतर धुण्याचं पाणी आणि फवारा पहिल्यांदाच आतवर पोचेल. गरज पडली तर धुण्याच्या पाण्यात बुडेसोनाइड हे स्टेरॉइड मिसळायला सांगतील. एवढं करूनही पॉलिप उसळले तर ड्युपिलुमॅबसारखी इंजेक्शनं आता आहेत. अमेरिकेत २०१९ मध्ये पॉलिपसाठी त्याला परवानगी मिळाली. ती फार महाग आहेत, त्यामुळे आज त्यांचा विचार नको.

मेडिक्लेम असेल तर आधी पॉलिसी वाचून घ्या. बऱ्याच पॉलिसींमध्ये सायनसच्या ऑपरेशनला पहिली दोन वर्षं पैसे मिळत नाहीत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून होतं का ते योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला विचारा.

वासाबद्दल मी मुद्दाम शेवटी लिहितेय. दिवाळीच्या आधी चार दिवस भाजणीचा वास आला, ही तुमच्या पत्रातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. गोळ्यांनी सूज उतरली आणि वास आला, म्हणजे वासाची नस जिवंत आहे, तिच्यापर्यंत हवा पोचत नाहीये. ऑपरेशननंतर वास परत येईलच असं वचन कुणीही देऊ शकत नाही, पण ज्यांना गोळ्यांनी आला होता त्यांच्याबद्दल मी जास्त आशेनं बोलते. मात्र त्या आशेनं स्टेरॉइडच्या गोळ्या स्वतःच्या मनानं पुन्हा सुरू करू नका. साखर, रक्तदाब, हाडं, सगळ्यांवर त्याचा भार पडतो.

तोवर स्वयंपाकघरात गॅसगळतीचा अलार्म बसवा. आठ आठवड्यांनी नव्हे, याच आठवड्यात. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली साचतो, म्हणून अलार्म छताजवळ न लावता जमिनीपासून वीतभर उंचीवर, सिलिंडरच्या जवळपास लावा. आणि रात्री रेग्युलेटर बंद झाला का हे बघायचं काम मुलाला नेमून द्या.